स्वयंचलित गिअरबॉक्सची पकड

मनुष्याच्या हातातील एखादे काम यंत्राकडे गेले म्हणजे त्या कामाबरोबर त्याचे ज्ञानही हातातून निघून जाते, ही गोष्ट यंत्रयुगाच्या इतिहासात पदोपदी प्रत्ययास येते. जात्यावर दळणाऱ्या बाईस पीठ जाड पडू लागल्याचे कळावयास पीठ चिमटीत घेऊन पाहावे लागत नसे. खुंट्यावरील हाताला ते आधीच कळे. गिरणीत दळण टाकून येणारास ते घरी पोळी लाटताना कळते. मोटारगाडीच्या बाबतीत हेच घडले आहे. ज्या गाडीत डाव्या पायाने क्लच दाबून हाताने गिअर बदलावयाचा असतो, तिची क्लचप्लेट झिजू लागली तर चालकाच्या पायास त्याची चाहूल बरीच आधी लागते. स्वयंचलित गिअरबॉक्सच्या गाडीत पायास काहीच काम नाही, म्हणून त्यास काही कळतही नाही. एके दिवशी चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, फेऱ्यांचा काटा वर चढतो, आणि गाडी मात्र आपल्या जुन्याच चालीने चालत राहते. जणू इंजिन आणि चाके यांचा परस्परांशी काही संबंधच उरलेला नाही. गॅरेजात याला 'स्लिप मारते' असे म्हणतात, आणि बहुधा त्याच दमात 'गिअरबॉक्स गेला' असा निकालही मिळतो.

हा निकाल लहानसहान नव्हे. पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या गाडीची बाजारातील किंमत पुष्कळदा तिच्या गिअरबॉक्सच्या संपूर्ण दुरुस्तीच्या खर्चास पुरत नाही. त्यामुळे निकाल खरा असला तर गाडी भंगारात जाते, आणि खोटा असला तरीही तीच गत होते. त्यातून चंद्रपूर आणि गडचिरोलीसारख्या अरण्यप्रधान मुलखात या प्रश्नाला आणखी धार येते. १९८२ च्या ऑगस्टपर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. जुनी माणसे त्याला चांदा म्हणत. सिरोंच्याहून गडचिरोलीस यावयाचे तर सुमारे २०० किलोमीटर, आणि चंद्रपूरहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर. स्वयंचलित गिअरबॉक्स उघडून पुन्हा नीट बसविणारा कारागीर बहुधा नागपुरासच शोधावा लागतो. अशा ठिकाणी घरची मोटार ही चैनीची वस्तू राहत नाही. रात्री-अपरात्री रोग्याला अथवा अडलेल्या बाळंतिणीला मोठ्या इस्पितळात पोहोचविण्याचे ते साधन असते. ते साधन एका घाईच्या शब्दावर मोडीत काढावे काय, हा प्रश्न खरोखर विचार करण्याजोगा आहे. आणि त्याचे उत्तर शोधू लागल्यास असे आढळते की, दोष कोणत्या क्रमाने तपासावा हे या यंत्राच्या इतिहासातच लिहून ठेवलेले आहे.

मोटारीच्या आरंभकाळी पकड ही चालकाच्या हातापायांत होती. फ्रान्समध्ये पानार व लव्हासोर यांच्या कारखान्याने १८९१ साली इंजिन पुढे, मग क्लच, मग सरकत्या दातेरी चाकांचा गिअरबॉक्स, अशी जी मांडणी रूढ केली, तीच पुढे जगभर पसरली. या मांडणीत गिअर बदलताना दाते दात्यांवर आपटत, आणि चालकाचे सारे कौशल्य तो खडखडाट टाळण्यात असे. १९०८ साली अमेरिकेत हेन्री फोर्डने आपली 'मॉडेल टी' गाडी काढली तेव्हा त्याने निराळी वाट धरली. त्या गाडीत दातेरी चाके सरकत नसत. ती सदैव एकमेकांत गुंतलेलीच असत. मध्ये एक सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे, अशी ती रचना असे, आणि त्यांपैकी कोणत्या भागास थांबवून ठेवावयाचे यावर गाडीची गती ठरे. थांबविण्याचे काम पायाने आवळला जाणारा एक पट्टा करी. पट्टा झिजला म्हणजे तो ढोलावर घसरू लागे, गाडी रेंगाळे, आणि मालक झाकण काढून तो पट्टा स्वतः आवळून घेई. आजच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे पोट उघडले तर ही ग्रहचक्रे आणि पुष्कळ जुन्या नमुन्यांत तो पट्टाही सापडतो. फरक एवढाच की, पट्टा आवळणारा पाय आता तेथे नाही. त्याच्या जागी तेल आले आहे.

हे तेल मोटारीत आले ते समुद्रावरून. जर्मनीतील श्टेटिन येथील व्हल्कान जहाजकारखान्यात हेर्मान फ्योटिंगर नावाचा तरुण इंजिनिअर काम करीत होता. वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा मंद फिरला तरच पाणी नीट कापतो. या दोघांची सांगड कशी घालावी, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. १९०५ साली त्याने ज्या युक्तीचे पेटंट घेतले, तिचे मर्म दोन वाक्यांत सांगता येते. समोरासमोर दोन पंखे ठेवून एकास चालविले तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरतो; वाऱ्याऐवजी द्रव वापरला आणि दोन्ही पंखे एकाच कवचात कोंडले म्हणजे हीच देवघेव मोठ्या शक्तीने होते. दोहोंच्या मध्ये द्रवाची दिशा वळविणारे तिसरे स्थिर चक्र बसविले तर नुसती शक्ती पोहोचत नाही, तर वेग कमी होऊन त्या प्रमाणात पीळ वाढतो. दोन चक्रांच्या युक्तीस फ्लुइड कपलिंग म्हणतात व तीन चक्रांच्या युक्तीस टॉर्क कन्व्हर्टर. इंग्लंडात हॅरॉल्ड सिंक्लेअरच्या खटपटीने हे कपलिंग रस्त्यावर आले, आणि १९३० साली डेमलर कंपनीने ते विल्सनच्या ग्रहचक्री गिअरबॉक्सशी जोडून आपल्या गाड्यांत बसविले.

येथे निदानाचा पहिला धडा मिळतो. द्रवाच्या जोडात थोडी घसरण ही मुळातच असते; ती दोष नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. गाडी उभी असताना इंजिन चालू राहते आणि तरीही बंद पडत नाही, ते या घसरणीच्याच बळावर. म्हणून जागेवरून हलताना इंजिनाच्या फेऱ्या गाडीच्या पुढे धावल्या तर त्यात भिण्यासारखे काही नाही. ज्या घसरणीचा शोध घ्यावयाचा, ती गाडीने वेग घेतल्यावर, एखादा गिअर पडल्यानंतर किंवा पडता पडता होते, आणि तिचे स्थान द्रवाच्या जोडात नसून बहुधा त्यामागील क्लचप्लेटांत अथवा पट्ट्यात असते.

यापुढचे पाऊल अमेरिकेत पडले. जनरल मोटर्स कंपनीत अर्ल टॉम्प्सन याने १९२८ साली कॅडिलॅक गाडीसाठी न खडखडता पडणारे गिअर, म्हणजे सिंक्रोमेश, आणले होते. त्याच्याच मार्गदर्शनाखाली सुरू झालेल्या कामातून १९३९ साली 'हायड्रा-मॅटिक' ही गिअरबॉक्स बाहेर आली आणि ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या गाड्यांत बसविली गेली. पुढे जाण्याचे चार गिअर, इंजिनाशी फ्लुइड कपलिंग, आणि क्लचचा पायदाबच नाही! या यंत्रात गिअर कोण बदलतो, हा प्रश्न तेव्हाच्या ग्राहकांस पडला असल्यास नवल नाही. त्याचे उत्तर, तेल, असे आहे. गाडीच्या गतीबरोबर वाढणारा तेलाचा एक दाब आणि ॲक्सिलरेटर किती दाबला आहे हे सांगणारा दुसरा दाब, हे दोन एका लहानशा झडपेवर दोन्ही बाजूंनी भिडतात. गतीचा दाब वरचढ ठरला की झडप सरकते, तेलास नवी वाट मिळते, ते एका पिस्टनला रेटते, पिस्टन क्लचप्लेटा आवळतो, आणि वरचा गिअर पडतो. चढ लागला, पाय अधिक दाबला, की दुसरा दाब वरचढ होऊन खालचा गिअर येतो. सारी न्यायसभा तेलाची, आणि अंमलबजावणीही तेलाचीच. दुसऱ्या महायुद्धात या यंत्राची कठोर परीक्षा झाली. १९४२ पासून अमेरिकेच्या एम-५ जातीच्या हलक्या रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिने आणि त्यांच्याशी जोडलेले दोन हायड्रा-मॅटिक बसविले जात.

यातून दुसरा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, धडा निघतो. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तेल हे केवळ वंगण नाही. तेच शक्ती वाहून नेते, तेच हुकूम पोहोचविते, तेच पकड आवळते, आणि तेच उष्णता बाहेर काढते. साध्या गिअरबॉक्समध्ये तेल थोडे कमी झाले तर दातेरी चाके कुरकुरत का होईना चालतात. येथे तेल एक-दीड लिटर कमी झाले की पंप हवा ओढू लागतो, दाब पडतो, प्लेटा पुऱ्या आवळल्या जात नाहीत, आणि प्लेटा निर्दोष असताना गाडी स्लिप मारू लागते. तेल जास्त भरले तरी फिरत्या चक्रांत घुसळून त्याचा फेस होतो, आणि फेसाला दाब धरत नाही; परिणाम तोच. सबब, जो माणूस तेल पाहण्यापूर्वी गिअरबॉक्सला दोष देतो, तो साक्षीपुरावा ऐकण्यापूर्वी शिक्षा ठोठावणाऱ्या न्यायाधीशासारखा वागतो.

महायुद्धानंतर रचना भराभर बदलल्या. १९४८ साली ब्युईक गाडीत 'डायनाफ्लो' आला. त्याने कपलिंगच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर वापरला. १९५० साली शेव्हरोलेचा 'पॉवरग्लाइड' आला. १९४९ साली पॅकार्ड कंपनीने 'अल्ट्रामॅटिक'मध्ये एक नवी सोय केली होती: गाडी सरळ रस्त्याला लागली की कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू एका क्लचने थेट जोडावयाच्या, म्हणजे द्रवातील घसरणीपायी पेट्रोल वाया जावयाचे नाही. ही युक्ती मध्यंतरी मागे पडली, परंतु इंधनाच्या टंचाईच्या काळात, १९७८ साली क्रायस्लरने ती पुन्हा आणली, आणि आता ती सार्वत्रिक आहे. हिचे नाव 'लॉक-अप'. सपाटीवर जुळलेला हा जोड चढ लागताच सुटतो आणि इंजिनाच्या फेऱ्या दोन-तीनशेनी वाढतात; अननुभवी मनुष्यास हीच स्लिप वाटते. शंका आल्यास एकसारख्या गतीने जात असता डाव्या पायाने ब्रेकच्या पायदाबास हलकेच स्पर्श करावा. ब्रेक लागण्यापूर्वीच लॉक-अप सुटतो व फेऱ्या वाढतात. पाय काढल्यावर त्या पुन्हा खाली येतात. असे होत असेल तर जोड आपले काम करीत आहे.

तेलाचाही स्वतंत्र इतिहास आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. १९४९ साली जनरल मोटर्सने या यंत्रांसाठी 'टाइप ए' नावाने खास तेलाचे प्रमाण ठरविले. प्लेटा आवळताना धक्का बसू नये, पण आवळल्यावर घसरूही नयेत, असा दुहेरी गुण या तेलास हवा होता, आणि तो साधण्यासाठी त्यात स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल मिसळीत. १९७० साली अमेरिकेने हा देवमासा नामशेष होण्याच्या मार्गावरील प्राण्यांत घातला, त्याच्या तेलाची आयात थांबली, आणि रसायनशाळांना पर्यायी द्रव्ये शोधावी लागली. 'डेक्सरॉन' या मालिकेची पुढील प्रमाणे त्यातूनच घडली. उलट फोर्डच्या 'टाइप एफ' तेलात घसरण मऊ करणारे द्रव्य मुद्दामच घालीत नसत. त्याची पकड कडक असे. या इतिहासाचा व्यवहारातील अर्थ असा की, दोन लाल तेले दिसावयास सारखी असली तरी त्यांची पकड सारखी नसते. कडक तेलासाठी घडलेल्या प्लेटांत मऊ तेल ओतले तर त्या लांबवर घसरत आवळतात आणि जळतात. म्हणून स्लिप सुरू होण्यापूर्वी तेल बदलले होते काय, आणि बदलले असल्यास कोणते घातले, हा प्रश्न गाडीच्या मालकास अगदी आरंभी विचारावा.

आपल्या देशात हे यंत्र उशिरा आले. स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले, आणि अनेक दशके मध्यमवर्गीय घराची मोटार म्हणजे अँबॅसडर नाही तर फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी. दोहोंतही गिअर हातानेच टाकावयाचे. सामान्य गृहस्थास परवडेल अशा स्वयंचलित गाड्या गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात, मारुती झेन आणि होंडा सिटी यांच्या रूपाने दिसू लागल्या. त्या काळच्या आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांतल्या गाड्याच आज 'जुन्या ऑटोमॅटिक' म्हणून मोठ्या शहरांतून विकल्या जाऊन जिल्ह्याच्या ठिकाणी येतात. चंद्रपूरच्या बाबतीत मौज अशी की, हे तत्त्व या मातीला मुळीच परके नाही. दुर्गापूर-पद्मापूरसारख्या उघड्या कोळसाखाणींत जे अजस्र डंपर चालतात, त्या जातीच्या यंत्रांत टॉर्क कन्व्हर्टर आणि तेलाच्या दाबाने आवळणाऱ्या प्लेटा हीच रचना सामान्यतः असते. खाणीवरील फिटर तेलाचा दाब मोजल्यावाचून अशा यंत्रास हात लावावयाचा नाही. जी शिस्त कोळशाच्या गाडीला मिळते, ती घरच्या गाडीलाही मिळावी, एवढेच मागणे आहे.

मात्र 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली आता निरनिराळ्या जाती नांदतात, आणि त्यांची रोगलक्षणे भिन्न आहेत. ग्रहचक्रे आणि टॉर्क कन्व्हर्टर यांची जी परंपरा वर सांगितली, ती एक. दुसरी सीव्हीटी, तिच्यात गिअर नसतातच, दोन शंकूच्या कप्प्यांवरून पोलादी पट्टा सरकतो. तिच्यात इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि गाडी मागाहून गती घेते, हे पुष्कळ अंशी नैसर्गिक होय; तिचे तेलही निराळे, आणि साधे स्वयंचलित तेल तिच्यात ओतणे म्हणजे पट्ट्याचा नाश ओढवून घेणे. तिसरी एएमटी, २०१४ साली मारुती सेलेरिओबरोबर ती आपल्याकडे आली. तिच्या पोटात साधाच गिअरबॉक्स आणि साधीच कोरडी क्लचप्लेट असून फक्त पायाचे व हाताचे काम यंत्र करते. ती स्लिप मारीत असेल तर तेलाचा काही संबंध नाही. प्लेट झिजली असावी अथवा तिची बैठक पुन्हा जुळवावयास हवी. तेव्हा रोगाच्या आधी रोग्याची जात विचारून घ्यावी.

आता प्रत्यक्ष निदानाकडे वळू. महाराष्ट्रात इतिहाससंशोधनाची जी शिस्त निर्माण झाली, तिचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून आपल्याकडे असे ठरून गेले की, बखर ही मागाहून, आठवणीने आणि हेतूने लिहिलेली असते. तिला अस्सल कागदाचा आधार मिळाल्यावाचून ती प्रमाण धरू नये. गाडीच्या मालकाची हकीकत ही बखर होय. ती अवश्य ऐकावी. स्लिप सकाळी थंड असताना होते की तास-दीड तास चालल्यावर? पुढे जाताना की मागे घेताना? एका ठराविक गिअरमध्ये की सर्वांत? हळूहळू वाढली की एकाएकी आली? या प्रश्नांची उत्तरे मोलाची असतात. थंडपणी उशिरा पडणारा आणि गरम झाल्यावर सुधारणारा गिअर वयाने ताठरलेल्या रबरी सिलांकडे बोट दाखवितो. गरम झाल्यावर बिघडणारा गिअर पातळ झालेले तेल, झिजलेला पंप अथवा तुंबलेला फिल्टर यांचा संशय उत्पन्न करतो. परंतु हा संशय होय, निर्णय नव्हे.

अस्सल कागद म्हणजे तेल. गाडी सपाट जागी उभी करावी, ती चालून पुरेशी तापलेली असावी, ब्रेक दाबून गिअरचा दांडा सर्व जागांवरून एकदा फिरवावा, आणि बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक पाहावी. होंडाच्या गाड्यांत मात्र इंजिन बंद करून लगेच पाहावयाची असते. ज्या गाड्यांस डिपस्टिकच नाही त्यांच्यासाठी खाली तपासणीचा बोल्ट असतो. म्हणून त्या त्या गाडीचे पुस्तक आधी उघडावे. मग ते तेल पांढऱ्या कागदावर टिपावे. लालसर आणि पारदर्शक असेल तर उत्तम. तपकिरी असून वास करपट नसेल तर ते म्हातारे झाले आहे. काळपट आणि करपट वासाचे असेल तर प्लेटांचे अस्तर जळले आहे. गुलाबी दुधासारखे असेल तर त्यात पाणी शिरले आहे. हे पाणी बहुधा रेडिएटरच्या पोटातील तेल थंड करणारी नळी फुटून येते. कागदावर धातूची चमक दिसली तर आत काहीतरी खात आहे असे समजावे. पातळी कमी असल्यास तेल गेले कोठे, हे शोधावे. हे तेल इंजिनाच्या तेलासारखे जळून उडत नाही, ते गळतेच. जुन्या अमेरिकन गाड्यांत मात्र एक चोरवाट असे: इंजिनाच्या ओढीवर चालणाऱ्या मॉड्युलेटरचा पडदा फाटला म्हणजे इंजिन ते तेल पिऊन टाकी आणि मागून पांढरा धूर निघे.

तेल निर्दोष ठरल्यावर बाहेरची जोडणी पाहावी. पुष्कळ जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते आणि तेलाचा दाब किती असावा हे ती सांगते. ती सैल पडली तर चालक चढावर पाय दाबतो, पण गिअरबॉक्सला वाटते की गाडी रमतगमत चालली आहे. दाब अपुरा राहतो आणि धडधाकट प्लेटा जळून जातात. या केबलची जुळवणी थोड्या वेळाचे काम आहे. ब्रेक अडकून चाके धरून ठेवीत नाहीत ना, इंजिनाची शक्तीच उतरली नाही ना, हेही याच वेळी पाहावे. ज्या गाड्यांत संगणक आहे त्यांत स्कॅनर लावून दोषांक वाचावे. पी ०७३० हा अंक गिअरचे गुणोत्तर चुकल्याचे सांगतो, पी ०७४० लॉक-अपच्या क्लचविषयी बोलतो. पण हे अंकही साक्षीदारच होत. घसरण झाली एवढे ते सांगतात, ती तेलाच्या अभावी झाली की अस्तर जळून, हे सांगत नाहीत.

यानंतर गिअरांची उलटतपासणी करावी. प्रत्येक गिअरमध्ये कोणत्या प्लेटा आवळल्या जातात याचा तक्ता दुरुस्तीच्या पुस्तकात असतो. सर्वच गिअर घसरत असतील तर दोष सर्वांना समान अशा ठिकाणी, म्हणजे पंप, फिल्टर, दाब यांत असला पाहिजे. पहिला व दुसरा शाबूत असून तिसराच घसरत असेल तर तिसऱ्याच्याच प्लेटा संशयित ठरतात. मागे जाण्याच्या गिअरला पुष्कळ रचनांत सर्वांहून अधिक दाब लागतो, म्हणून दाबाची उणीव तेथे आधी दिसते. शेवटी जाणत्या हाताने दाबाचे घड्याळ लावून मोजमाप घ्यावे. ब्रेक घट्ट दाबून क्षणभर पूर्ण ॲक्सिलरेटर देण्याची 'स्टॉल' परीक्षाही आहे. फेऱ्या नेमल्या मर्यादेपलीकडे गेल्या तर पकड सुटत आहे, अलीकडेच राहिल्या तर इंजिन अशक्त आहे किंवा कन्व्हर्टर बिघडला आहे. परंतु पाच सेकंदांहून अधिक काळ ही परीक्षा केली तर तेल भाजून निघते. म्हणून हौशी मनुष्याने तिच्या वाटेस जाऊ नये.

या मुलखाचे काही खास धोकेही सांगितले पाहिजेत. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४७ अंशांपलीकडे गेल्याच्या नोंदी आहेत, आणि तेलाचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते. कन्व्हर्टरमधील घसरण मंद गतीत आणि जास्त भारात सर्वांत अधिक असते. म्हणजे ताडोब्याच्या वाटेवर भर उन्हात रांगणारी भरलेली गाडी महामार्गावर धावणाऱ्या गाडीहून अधिक तापते. वैनगंगेच्या वाळूत अथवा पावसाळी चिखलात चाक रुतले म्हणजे दांडा पुढे-मागे, पुढे-मागे करून गाडी झुलविण्याचा मोह होतो. दहा मिनिटांच्या त्या झुलवण्यात प्लेटांचे वर्षानुवर्षांचे आयुष्य संपते. पर्लकोटेसारख्या नदीच्या पुराने भामरागडचा रस्ता अनेकदा तोडला आहे. पाणी ओसरता ओसरता नाल्यातून गाडी घातली तर गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून पाणी आत शिरू शकते, आणि प्लेटांचे अस्तर कागदी जातीचे असल्याने ते फुगून सुटते. आणि सर्वांत मोठा धोका ट्रॅक्टरचा. जुन्या हायड्रा-मॅटिकमध्ये चाकांकडून चालणारा एक मागचा पंप असे, त्यामुळे ती गाडी ढकलून सुरू करता येई. सुमारे १९६५ नंतर हा पंप गेला. आता इंजिन बंद असताना चालती चाके जमिनीवर ठेवून गाडी ओढली तर आतील चक्रे तेलावाचून फिरतात आणि जळतात. किरकोळ दोषाने आलापल्लीजवळ थांबलेली गाडी दोर बांधून गावापर्यंत ओढत आणली, तर ती खरोखरच निकामी होऊन पोहोचावयाची. चालती चाके उचलूनच, आणि चारही चाकांस शक्ती जात असेल तर गाडी वाहनावर चढवूनच न्यावी.

या सर्व विवेचनाचा अर्थ, कोणताच गिअरबॉक्स मरत नाही, असा नव्हे. तेल काळे, वास करपट, तेलाच्या तबकात अस्तराचे तुकडे, आणि घड्याळावर दाब पुरेसा असूनही पकड नाही, असे चार पुरावे एकत्र आले तर निकाल मान्य केला पाहिजे. जळालेले अस्तर नव्या तेलाने किंवा बाटलीतील औषधाने परत येत नाही, आणि तसे सांगणारा मनुष्य दुसऱ्या बाजूने फसवीत असतो. पण तो निकाल पुराव्याच्या शेवटी यावा, आरंभी येऊ नये. गाडीच्या मालकाने गिअरबॉक्स उतरविण्यास संमती देण्यापूर्वी मिस्त्रीकडून तीन गोष्टी जाणून घ्याव्यात: तेलाची पातळी व रंग काय होता, घसरण नेमकी कोणत्या गिअरमध्ये आढळली, आणि दाब किती भरला. या तीन प्रश्नांस सरळ उत्तरे देणाऱ्याच्या हाती गाडी निर्धास्त सोपवावी. ज्याच्यापाशी उत्तरे नाहीत, त्याने अजून गाडी पाहिलेलीच नाही असे समजून ती चाके उचलून दुसरीकडे न्यावी; त्यासाठी नागपूरपर्यंतचे १५० किलोमीटर जावे लागले तरी तो खर्च नव्या गिअरबॉक्सहून पुष्कळच कमी पडेल.